ट्रूहिडल शैलीचं स्ट्रॅप-एंड: तोंड झकास, बूड कच्चं

नवव्या शतकातल्या, इंग्लंडमधल्या अँग्लो-सॅक्सन लोकांच्या ट्रूहिडल नावाच्या कोरीव शैलीतल्या स्ट्रॅप-एंडची ब्राँझमधली प्रतिकृती, १० मिलीमीटर रुंदीचा चामडी पट्टा, इंग्रजी डी-अक्षराच्या आकाराचं छोटं बक्कल आणि तांब्याचे दोन रिव्हेट असा हा संच आहे. जोडणी घेणाऱ्यानं स्वतः करायची. काचेच्या कपाटात ठेवायला घेत असाल तर वस्तू छान आहे. वापरायला घेत असाल तर मात्र पट्टा बसवण्यापूर्वी पुढचं वाचा, कारण अडचण तिथेच येते.

स्ट्रॅप-एंड म्हणजे पट्ट्याच्या मोकळ्या टोकाला बसवलेलं धातूचं टोपण. बुटाच्या नाडीच्या टोकाला कडक आवरण असतं, तशातलाच प्रकार. त्यामुळे टोक उसवत नाही, ओवायला सोपं जातं आणि वजनामुळे पट्टा सरळ लोंबतो. एका बाजूला धातू दुभंगलेला असतो. त्या फटीत पट्टा सरकवून रिव्हेट ठोकायचे. दुसऱ्या बाजूला प्राण्याचं मुंडकं. मधला भाग दोन्ही अंगांनी किंचित फुगीर. पुरातत्त्वज्ञ गॅबर थॉमस यांच्या स्ट्रॅप-एंडच्या वर्गीकरणात हा ‘ए’ गट, आणि इंग्लंडच्या शेतांतून, तसंच फ्लिक्सबरोसारख्या जुन्या वस्त्यांच्या उत्खननांतून हा गट भरपूर मिळालेला आहे.

आधी जमलेलं सांगू. लांबी ४६ मिलीमीटर, सर्वांत रुंद जागी १३ मिलीमीटर, वजन साधारण १२ ग्रॅम. मूळ वस्तूंच्या मापात हे चपखल बसतं. बाजारातल्या बऱ्याच प्रतिकृती दीडपट मोठ्या असतात, कारण मोठी वस्तू फोटोत उठून दिसते. इथे तो मोह टाळला आहे. मुंडकं वरून पाहिल्यासारखं, कान गोलसर, नाक अगदी टोकाला. पट्टा लोंबला की प्राणी जमिनीकडे बघतो, तसंच हवं. रिव्हेटच्या भोकांमध्ये पंख्यासारखं छोटं पान कोरलेलं आहे. मुळात ते असतं, पण नकला करणारे हमखास विसरतात.

मधल्या चौकटीतला प्राणी भिंगाखाली पाहा. ट्रूहिडल शैलीची खूण म्हणजे छोट्या छोट्या चौकटी, मण्यांसारखी किनार, मागे वळून पाहणारा प्राणी आणि त्याच्या अंगावर बारीक खाचा. या खाचांमुळेच शरीर जिवंत वाटतं. या प्रतिकृतीत प्राण्याची वळणं ठीक आहेत, पण पाठीवरच्या पाच खाचांपैकी दोनच नीट उमटल्या आहेत आणि किनारीचे मणी एका बाजूला एकमेकांत मिसळून साधी रेघ झाली आहे. एका तयार ओतीव नगावरून साचा, त्या साच्यातून नग, त्या नगावरून पुन्हा साचा असं झालं की हे होतं. ब्राँझ थंड होताना दीड-दोन टक्के आकसतं आणि प्रत्येक पिढीत बारकावे बुजतात. मेणाचा नमुना नव्यानं कोरून ओतकाम केलं असतं, किंवा ओतल्यानंतर छिन्नीनं खाचा पुन्हा मारल्या असत्या, तर हे टळलं असतं. दुसरं काम दहा मिनिटांचं आहे हो!

प्राण्याभोवतीचा काळा रंग ‘निएलो’ म्हणून विकला जातो. तो निएलो नाही. खरा निएलो म्हणजे चांदी आणि गंधकाचं संयुग. ते कोरलेल्या खोलगट भागात भरून तापवतात आणि मग धातूबरोबर घासून एका पातळीत आणतात, त्यामुळे त्याला काळी झिलई येते. तो मुख्यतः चांदीच्या वस्तूंवर किंवा ब्राँझवर जडवलेल्या चांदीच्या पत्र्यावर दिसतो. इथे आहे ते काळं रोगण. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन मागच्या बाजूला पुसलं की बोळा काळा होतो. या किमतीत निएलोची अपेक्षाच नाही, पण मग तसं लिहूही नये. याचा एक व्यावहारिक परिणामही आहे: पितळ चमकवायची पेस्ट लावली की चार घासण्यांत रोगण निघून जातं. कोरडं सुती फडकं पुरे.

आता बूड, म्हणजे पट्टा सरकवायचं दुभंगलेलं टोक. फट १.५ मिलीमीटर, खोली ९ मिलीमीटर. संचातलं चामडं मात्र २ मिलीमीटर जाड. ते आत जातच नाही. जोर लावून ढकललं तर वरचा पत्रा फाकतो आणि नंतर रिव्हेट ठोकून तो परत दाबताना भोकाजवळ चीर जाते. ओतीव ब्राँझ असं वाकवणं सोसत नाही. मूळ वस्तूही बहुधा इथेच तुटत. भोकाच्या कडेपासून मोडलेले नमुने सतत सापडतात. काही नमुन्यांच्या फटीत कापडाचे किंवा चामड्याचे अवशेष टिकले आहेत, म्हणजे मूळ पट्टे पातळच होते. हे विक्रेत्याला ठाऊक असतं तर त्यानं पातळ चामडं दिलं असतं.

उपाय असा. पट्ट्याचं शेवटचं १२ मिलीमीटर टोक मागच्या बाजूनं रापीनं तासून १.४ मिलीमीटरपर्यंत आणा. एकदम नाही, उताराने. पायरी राहिली तर पट्टा तिथेच दुमडून तुटतो. टोक किंचित ओलं करून फटीत सरकवा, पूर्ण वाळू द्या, मग धातूच्या भोकांतून आरीनं खूण करून १.६ मिलीमीटरच्या ड्रिलनं भोक पाडा. फटीत चामडं पूर्ण भरलेलं हवं. पोकळी राहिली तर हातोडी बसताच पत्रा आत दबतो.

रिव्हेटची दुसरी गोची. जाडी मोजा: वरचा पत्रा १.२, चामड्यानं भरलेली फट १.५, खालचा पत्रा १.०, एकूण ३.७ मिलीमीटर. १.५ मिलीमीटर व्यासाच्या रिव्हेटला मागे डोकं करायला व्यासाच्या दीडपट, म्हणजे सव्वादोन मिलीमीटर दांडा बाहेर हवा. म्हणजे दांडा ६ मिलीमीटरचा. संचातला ५ मिलीमीटरचा आहे. उरतो १.३, त्यातून पातळ पापुद्र्यासारखं डोकं होतं आणि काही दिवसांत ते भोकातून निसटतं. १.५ मिलीमीटरच्या तांब्याच्या तारेतून नवे रिव्हेट कापून घेणं उत्तम. तार लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा, ती मऊ पडते. पुढचं डोकं खळगा पाडलेल्या कठीण लाकडावर टेकवा, थेट लोखंडी ऐरणीवर नको, नाहीतर पुढचं डोकं चपटं होईल. १०० ग्रॅमच्या आसपासची हातोडी, हलके ठोके, आधी मधोमध आणि मग कडेकडेनं गोल फिरत. दोन्ही रिव्हेट अर्धे ठोकून मग पूर्ण करा. एकच घट्ट केला तर टोपण तिरकं बसतं.

चामडं सालीच्या टॅनिननं कमावलेलं आहे, ही जमेची बाजू. मात्र त्यातलं तेल आणि आम्ल तांब्याशी भिडतं, आणि रिव्हेटभोवती हिरवा मेणचट कळंक साठतो. लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका, ते फटीत शिरून आतून खातं. लाकडी टूथपिकनं खरवडा आणि धातूवर मेणाचा पातळ हात द्या.

सोबतच्या कार्डावर ‘व्हायकिंग, दहावं शतक’ असं छापलंय. हे सरळ चूक आहे. शैलीचं नाव कॉर्नवॉलमधल्या सेंट ऑस्टेलजवळच्या ट्रूहिडल इथल्या ठेव्यावरून पडलं. १७७४ मध्ये कथील शोधणाऱ्या कामगारांना तो मिळाला, आणि त्यातल्या नाण्यांवरून तो ८६८ च्या सुमारास पुरला गेला असावा. म्हणजे काळ नववं शतक आणि हात अँग्लो-सॅक्सन. शिवाय १० मिलीमीटरचा पट्टा कमरेला तलवार अडकवायचा नव्हे. पोटऱ्यांवरच्या बंदांना, पिशवीला किंवा घोड्याच्या साजाला तो शोभेल.

एक गोष्ट खटकते. मागच्या बाजूला प्रतिकृती असल्याची कसलीही खूण नाही. थोडा कळंक चढवला की अशी वस्तू खरी म्हणून पुढे सरकवणारे भेटतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या संकेतस्थळावर अशा शेकडो वस्तूंची मापं आणि छायाचित्रं फुकट पाहता येतात. घेण्याआधी तिथल्या ‘ए’ गटाशी ताडून पाहा, आणि घेतल्यावर मागे सुईनं एखादं अक्षर कोरून ठेवा. खोलवर कोरा, कारण पॉलिशनं उथळ रेघ पुसते.