हिवाळ्यातला भूमध्य समुद्र: नीस की मालागा?

डिसेंबर ते फेब्रुवारीत युरोपात असाल आणि पाच-सहा दिवस उन्हात काढायचे असतील, तर दोन शहरांची नावं हमखास पुढे येतात: फ्रान्सचं नीस आणि स्पेनचं मालागा. जर्मनीत, नेदरलँड्समध्ये नोकरी करणारे माझ्या ओळखीतले अनेक जण हाच प्रश्न घेऊन येतात, आणि बहुतेकांचे आई-बाबा त्याच सुमारास भारतातून आलेले असतात. दोन्ही शहरं मला मनापासून आवडतात, तरी ती एकमेकांना पर्याय नाहीत. माझं मत आधीच सांगते. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर मालागा, फेब्रुवारीच्या मध्यानंतर जाणार असाल तर नीस. का, ते पुढे.

एक गोष्ट मात्र आधीच मनातून काढून टाका. समुद्रात डुंबायला मिळणार नाही. जानेवारी-फेब्रुवारीत नीसचं पाणी 13-14 अंशांवर असतं, मालागाचं 15 च्या आसपास. गोव्याच्या किंवा कोकणच्या समुद्राची सवय असलेल्या माणसाला त्यात पोटरीपर्यंत जाणंही नकोसं होतं. स्थानिक म्हातारेकोतारे रोज पोहताना दिसतील, ते पाहून मोहात पडू नका. या दिवसांत किनारा हा चालायचा, बसायचा आणि उन्हं अंगावर घ्यायचा.

ऊन आणि उजेड

तापमानाचे आकडे सगळे बघतात. जानेवारीत मालागात दुपारचा पारा साधारण 17 अंश, नीसमध्ये 13. चार अंशांचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण बाहेर खुर्चीवर बसून जेवता येईल की नाही, ते त्यावरच ठरतं. मालागात वारा नसेल तर दुपारी स्वेटर काढावा लागतो. नीसमध्ये उन्हात बरं वाटतं आणि सावलीत शिरलं की जॅकेटची चेन वर जाते.

उजेडाचा हिशोब मात्र फारसं कोणी करत नाही, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा. दोन्ही शहरांचं घड्याळ एकच, पण मालागा बरंच पश्चिमेला आणि दक्षिणेला आहे. डिसेंबरच्या शेवटी नीसमध्ये सूर्य पाचच्या सुमारासच मावळतो, मालागात सहा वाजून गेल्यावर. उलट मालागाची सकाळ उशिरा होते, सव्वाआठनंतर. सुट्टीत सकाळी आठला उजाडलं काय किंवा साडेआठला, कोणाला घाई असते? संध्याकाळचा तो जादा तास मात्र सोन्यासारखा असतो. जर्मनीतल्या साडेचारच्या अंधाराला वैतागलेल्या माणसाला तर तो तासच सगळ्यात आधी जाणवतो.

पावसाचं म्हणाल तर दोन्हीकडे धोका आहेच. नीसला सगळ्यात जास्त पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो, मालागाला नोव्हेंबर-डिसेंबरात. पडतो तेव्हा दणकून पडतो आणि मग लख्ख उघडतं. वादळ झालं की नीसच्या किनाऱ्यावरचे गोटे लाटांबरोबर थेट रस्त्यावर येऊन पडतात. अशा दिवशी समुद्रकडेचा रस्ता बंद असू शकतो, तेव्हा एक दिवस हाताशी ठेवावा.

हिवाळ्यासाठीच वसलेलं शहर

नीसच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा हा की हे शहर मुळात हिवाळ्यासाठीच वाढलं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्रज, मग रशियन श्रीमंत लोक थंडीपासून पळून इथे यायचे आणि उन्हाळा लागायच्या आत परतायचे. समुद्राच्या कडेने मैलोन्मैल जाणारा प्रोमनाद दे झांग्ले, म्हणजे इंग्रजांचा फिरायचा रस्ता, त्यांच्याच पैशातून 1820 च्या दशकात सुरू झाला. राणी व्हिक्टोरिया 1890 च्या दशकात सिमिए टेकडीवर हिवाळा संपता संपता मुक्कामाला यायची. 1912 साली पूर्ण झालेलं कांद्याच्या आकाराच्या घुमटांचं रशियन कॅथेड्रल त्याच काळाची खूण. उन्हाळ्यात समुद्रस्नानाला यायची पद्धत विसाव्या शतकातली. 2021 साली युनेस्कोने जागतिक वारसा यादीत नीसची नोंद केली, तीही ‘रिव्हिएराचं हिवाळी विश्रामनगर’ म्हणूनच. त्यामुळे इथे हिवाळ्यात फिरताना बंद दुकानासमोर उभं असल्यासारखं वाटत नाही. शहराचे मोठे चौक, बागा, निळ्या खुर्च्या, सगळं हळू चालणाऱ्या माणसाचा विचार करून केलेलं आहे.

आणि मग येतो फेब्रुवारी. डोंगरउतारांवर मिमोझा फुलतो आणि अख्खी टेकडी पिवळी होते. नीसचा कार्निव्हल आजच्या स्वरूपात 1873 पासून चालत आलेला आहे. फुलांच्या मिरवणुकीत रथांवरून गर्दीवर मिमोझाच्या फांद्या उधळतात आणि लोक मोळ्या काखेत मारून घरी जातात. तिथून ट्रेनने पाऊणएक तासाच्या आत इटलीच्या सीमेवरचं मांतों लागतं. त्याच दिवसांत तिथे लिंबांचा उत्सव असतो आणि शंभराहून जास्त टन लिंबं-संत्री वापरून दोन-तीन माणसं उंचीचे पुतळे उभारतात. लिंबं एकेक करून रबराने बांधलेली असतात. जवळ जाऊन बघा, त्या कारागिरीचं खरं कौतुक तेव्हाच वाटतं. हे दोन्ही एका खेपेत जमत असेल तर नीसशिवाय दुसरा विचार करू नका. हॉटेलं मात्र या पंधरवड्यात महाग होतात.

कार्निव्हल सोडून जाणार असाल तर नीसचा हिवाळा शांत असतो. कूर सालेयाचा फुलबाजार आणि भाजीबाजार सकाळी भरतो, फक्त सोमवारी तिथे जुन्या वस्तूंचा बाजार असतो. जुना गाव, किल्ल्याची टेकडी, दुपारी बाराला तिथून होणारा तोफेचा आवाज, हे एका दिवसात होतं. टेकडीवर जायला लिफ्ट आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी जिन्याच्या वाटेला जाऊ नये. मातीस आणि शागाल या चित्रकारांची दोन्ही संग्रहालयं मंगळवारी बंद असतात. एझ, सँ-पॉल यांसारख्या डोंगरावरच्या गावांत जानेवारीत निम्मी दुकानं आणि खानावळी बंद मिळतील. गर्दीशिवाय त्या गल्ल्या बघायला मिळतात हा फायदा, गरम जेवण मिळेलच असं नाही हा तोटा. मोनाको ट्रेनने विसेक मिनिटांवर, व्हिलफ्रांश त्याहून जवळ. गाडी भाड्याने घ्यायची काहीच गरज नाही.

मालागा: गाव झोपत नाही

मालागा पर्यटकांवर अवलंबून असलं तरी ते साडेपाच लाखांहून जास्त वस्तीचं, स्वतःच्या तालावर चालणारं शहर आहे. म्हणून सीझन संपला की शटर खाली, हा प्रकार तिथे नाही. शेजारच्या तोरेमोलिनोस, बेनाल्मादेनासारख्या ठिकाणी उत्तर युरोपातले निवृत्त लोक अख्खा हिवाळा काढतात, त्यामुळे तिथेही वर्दळ असते. नाताळात काये लारियोस या मुख्य रस्त्यावर रोषणाई आणि संगीताचा कार्यक्रम असतो. 5 जानेवारीच्या संध्याकाळी तीन राजांची मिरवणूक निघते आणि रथांवरून पोरांसाठी गोळ्या-चॉकलेटं उधळतात. लहान मुलं बरोबर असतील तर ही तारीख गाठाच.

बघायलाही भरपूर. अकराव्या शतकातला अल्कासाबा किल्ला, त्याच्या पायथ्याशी रोमन नाट्यगृह, आणि पाच-दहा मिनिटांच्या चालीवर पिकासोचं संग्रहालय. पिकासो 1881 मध्ये इथेच जन्मला. वरच्या हिब्राल्फारो किल्ल्याची चढण खडी आहे, वडीलधाऱ्यांना 35 नंबरच्या बसने वर न्यावं आणि जमलं तर पायी उतरवावं. पाऊस लागला तरी संग्रहालयांत दोन दिवस सहज निघतात.

मालागाचं मोठं बळ म्हणजे त्याच्या मागचा प्रदेश. कॉर्दोबा वेगवान ट्रेनने तासाभरावर, ग्रनाडा बसने दीड-दोन तासांवर. उन्हाळ्यात कॉर्दोबा 40 अंशांनी भाजतं, हिवाळ्यात तिथल्या मशीद-कॅथेड्रलच्या खांबांमधून निवांत हिंडता येतं. ग्रनाडा मात्र सातशे मीटर उंचीवर आहे आणि मागे सिएरा नेवादाचा बर्फ, तेव्हा मालागाच्या उन्हावर विसंबून पातळ कपड्यांत जाऊ नका. जानेवारीअखेरीस आतल्या डोंगरांवर बदामाचा बहर येतो. नीसला मिमोझा, तर इथे हा.

ताटात काय

शाकाहारी माणसाला दोन्हीकडे थोडी खटपट करावी लागते. नीसचा सोका हा अशा वेळी खरा आधार: चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, बस. परातीएवढ्या तांब्याच्या तव्यावर पातळ पसरून लाकडाच्या भट्टीत सारतात. कडा करपतात, मधे मऊ राहतं. मग खरवडून तुकडे कागदात टाकतात आणि वर मिरपूड. आपल्या बेसनाच्या धिरड्याचा भूमध्य समुद्रावरचा भाऊच म्हणा. पिसालादिएर या कांदा पसरून भाजलेल्या पावावर अँचोव्ही मासा असतो, तो विचारून घ्या.

मालागात तळलेली वांगी मागवा. वर जे काळपट गोड ओततात ती चक्क उसाची काकवी. जवळच्या फ्रिहिलियाना गावात ती अजूनही कारखान्यात बनते. या किनाऱ्यावर आंबा, अवाकाडो पिकतात, आणि हिवाळ्यात बाजारात चिरिमोया येतो, सीताफळ-रामफळाच्याच कुळातला. आई-बाबांना अतारासानास मंडईत नेऊन तो दाखवा. मात्र भाजीच्या पदार्थातही हॅमचे तुकडे पडतात, तेव्हा मागवताना स्पष्ट सांगावं लागतं. मासे खाणाऱ्यांसाठी पेद्रेगालेहोच्या किनाऱ्यावर वाळू भरलेल्या होडीत लाकडं पेटवून काठीला टोचलेले सार्डिन भाजतात. चवीला ते मे ते ऑगस्टमध्येच उत्तम असतात, हिवाळ्यात चरबी कमी. तरी मी खाते.

खर्चात मालागा स्वस्त, जेवणात आणि राहण्यात दोन्ही. पण राहण्याची एक अडचण नीट समजून घ्या. मालागातली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात: फरशी थंडगार, भिंतींना रेडिएटर नाहीत. बाहेर 17 अंश आणि घरात कुडकुडणं, असं होतं. फ्लॅट घेताना खोल्या तापवायची सोय लेखी विचारा, घरात घालायच्या जाड चपला न्या. वयस्कर माणसं असतील तर सरळ हॉटेल घ्या. नीसमध्ये जुन्या गावातला फ्लॅट दिसायला देखणा असतो, पण त्या अरुंद गल्ल्यांत हिवाळ्यात ऊन उतरतच नाही. तिथे दक्षिणेला खिडकी असलेली खोली शोधा.

पोचायचं कसं

मुंबईहून दोन्हीकडे थेट विमान नाही. नीसला दुबईहून जाता येतं, मालागाला बहुतेक वेळा युरोपात कुठेतरी विमान बदलावं लागतं. नीसच्या विमानतळावरून ट्रामने, मालागाच्या विमानतळावरून लोकल ट्रेनने शहरात पोचता. शेंगेन व्हिसासाठी अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे करायचा. आई-बाबा मुख्यतः जर्मनीत तुमच्याकडे राहणार असतील, तर त्यांच्या जर्मन व्हिसावर दोन्ही शहरं होतात. ग्रनाडातल्या अल्हाम्ब्रा राजवाड्याची तिकिटं नावानिशी आणि वेळेनुसार असतात, हिवाळ्यातही आधी काढावी लागतात, आणि प्रवेशाला पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो. कार्निव्हलचं जमत असेल तर आधी तारखा बघा, कारण त्या दरवर्षी बदलतात, आणि मगच विमानाचं तिकीट काढा.