टेस्ला कॉइलचं छोटं किट: बोर्ड बरा, कॉइल कामचलाऊ

टेस्ला कॉइल म्हणजे थोड्या व्होल्टवरून हवेत ठिणगी उडवण्याइतकं मोठं व्होल्टेज तयार करणारी कॉइलची जोडी. ऑनलाइन मिळणारं तिचं २४ व्होल्टचं किट विज्ञान प्रदर्शनांच्या दिवसांत सोलापुरात बऱ्याच घरी येऊन पडतं. पुडीत एक आयआरएफ५३० मॉस्फेट (करंट झपाट्याने चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर), दोन-चार रेझिस्टर, एलईडी, हीटसिंक, प्रायमरीसाठी (करंट सोडायच्या, मोजक्या वेढ्यांच्या कॉइलसाठी) जाड वायर आणि गुंडाळून तयार दिलेली सेकंडरी (मोठं व्होल्टेज देणारी, बारीक तारेची कॉइल) असते. निकाल आधीच सांगायचा तर बोर्डाला पाचपैकी चार, कॉइलला दीड. जोडल्या जोडल्या जवळ धरलेली ट्यूब पेटते, पण पाकिटावरच्या चित्रातली ठिणगी काही येत नाही. त्यासाठी दुसरं किट मागवू नका. पंखे भरणाऱ्याच्या दुकानातली ५० ग्रॅम तार आणि एक रविवार पुरतो.

ट्यूनिंग म्हणून इंटरनेटवर जे सापडतं (प्रायमरीवरचा टॅप, म्हणजे जोडणीची जागा, सरकवा, कपॅसिटर बदला), ते स्पार्क गॅपच्या, म्हणजे मॉस्फेटऐवजी ठिणगीच्या फटीवर चालणाऱ्या, कॉइलसाठी असतं. तिथे प्रायमरी आणि सेकंडरी यांची फ्रीक्वेन्सी हाताने जुळवावी लागते. या किटमध्ये सेकंडरीचं खालचं टोक थेट मॉस्फेटच्या गेटला (त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला) जातं, म्हणजे सेकंडरी ज्या सुरात वाजेल त्याच सुरात सर्किट चालतं. जुळवायला टॅपच नाही. हातात उरतात चार गोष्टी: सप्लाय, प्रायमरीची दिशा, तिचे वेढे आणि सेकंडरीची गुंडाळणी.

सप्लायमध्ये निम्मे लोक अडकतात. वायफाय राउटरचा १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर लावला की एलईडी लागतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. लोड आला की व्होल्टेज बसतं. जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्ट, ३ अँपिअरच्या वरचा अडॅप्टर हा उत्तम पर्याय. बोर्डाच्या इनपुटवरच, लांब वायर न सोडता, १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १०४ नंबरचा छोटा कपॅसिटर लावा. नुसत्या एवढ्याने ठिणगी स्थिर होते.

पहिल्या चाचणीला मात्र १२ व्होल्टच द्या आणि स्विच दोन सेकंदांच्या वर दाबून ठेवू नका. प्रायमरीची दिशा उलटी असेल तर ऑसिलेशन (करंटचं झपाट्याने चालू-बंद होणं) सुरू होत नाही आणि मॉस्फेट सतत चालूच राहतो. मग प्रायमरी म्हणजे तीन वेढ्यांची नुसती तार, अडॅप्टरवर जवळजवळ शॉर्ट. किटमधले बहुतेक मॉस्फेट असेच जातात. दोष ‘डुप्लिकेट माल’ म्हणून विकणाऱ्याच्या माथी येतो, पण चूक जोडणीची असते. ट्यूब पेटली नाही तर प्रायमरीची दोन टोकं अदलाबदल करा. शिवाय आयआरएफ५३० च्या गेटला २० व्होल्टच्या वर चालत नाही आणि किटमध्ये त्यासाठी काही संरक्षण नाही. गेट आणि सोर्स या मॉस्फेटच्या दोन पायांच्या मध्ये १५ व्होल्टचा झेनर (जास्तीचं व्होल्टेज रोखणारा डायोड, १एन४७४४) टाका, पट्टीचं टोक गेटकडे. चार गुण दिलेत ते हा झेनर धरून.

आता कॉइल. तयार सेकंडरीत वरचे वेढे सैल, मध्येच एकावर एक चढलेले, आणि टोकाशी इनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा पातळ थर) न खरवडता केलेली सोल्डरिंग. एकावर एक वेढा चढला की तिथेच आतल्या आत ठिणगी मारते, बाहेर काय येणार? ती सरळ बाजूला ठेवा. ३२ मिलिमीटरचा पांढरा कंड्युट पाइप १४ सेंटिमीटर कापा. काळा पाइप नको, त्या रंगात कार्बन असू शकतो. लूमवरचे (यंत्रमागावरचे) सुताचे रिकामे कोन इथे घरोघरी मिळतात आणि मोह होतो, पण कोन निमुळता असल्याने वेढे खाली घसरतात, आणि कागदी असेल तर ओलही धरतो.

तार ३४ नंबर गेजची. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला लूमच्या मोटारी भरणाऱ्यांकडे जाड गेज असतं, ३४ क्वचितच. सीलिंग फॅन भरणाऱ्याकडे जा, त्याला रोज लागते. वजनावर देतात. ४०० वेढ्यांना साधारण ४० मीटर, म्हणजे १५-१६ ग्रॅम लागते, पण तुटफूट धरून ५० ग्रॅम घ्या. वेढ्याला वेढा चिकटून गुंडाळलं तर उंची साडेदहा सेंटिमीटर भरते. दर ५० वेढ्यांनी चिकटपट्टीचा तुकडा लावत जा, हात सुटला तर सगळं उलगडत नाही. ही मोटारीची तार आहे, तिचं इनॅमल सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेने जळत नाही. पॉलिश पेपरने टोकाचे दीड-दोन सेंटिमीटर तांबूस गुलाबी दिसेपर्यंत घासा, फिरवून चारी बाजूंनी. चकचकीत तपकिरी दिसतंय तोवर इनॅमल शिल्लक आहे. झाल्यावर मल्टिमीटर १६ ओहमच्या आसपास दाखवायला हवा. काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे किंवा टोक नीट घासलेलं नाही. मग त्याच दुकानातलं हवेत वाळणारं व्हार्निश, दोन पातळ हात. एप्रिलच्या उन्हात एका दिवसात खडखडीत वाळतं. सोलापूरच्या उन्हाचा एवढा तरी फायदा.

प्रायमरी घरच्या वायरिंगची, दीड स्क्वेअरची, ३ वेढे, सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाची, सेकंडरीच्या अगदी तळाशी. २ पासून ५ वेढ्यांपर्यंत करून बघा. कमी वेढ्यांना करंट आणि उष्णता वाढते, जास्त वेढ्यांना ठिणगी खुरटते. मल्टिमीटर कॉइलजवळ काहीही आकडे दाखवतो, त्यावर विसंबू नका. ट्यूब एका जागी बांधून ठेवा आणि किती सेंटिमीटरवरून पेटते ते मोजा, हेच तुमचं मीटर.

वरच्या टोकाला आधी नुसती सुई लावा. या मापाची कॉइल ३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालते. ४ सेंटिमीटरचा धातूचा गोळा बसवला की ती सव्वादोनच्या आसपास उतरते. गोळा देखणा दिसतो, पण इतक्या कमी पॉवरला बिनसुईच्या गोळ्यातून ठिणगी फुटतच नाही. बोर्डाच्या निगेटिव्हला जोडलेला फूटभर पत्रा टेबलावर पसरला तर सुईचा जांभळा झुबका लगेच लांबतो. पत्रा कॉइलच्या तळाला चिकटवू नका, चार बोटं अंतर हवं. घरच्या अर्थिंगला तर जोडूच नका. सगळं जमलं की सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर अपेक्षा ठेवा. पाकिटावरची वीतभर वीज या किटमधून येणार नाही.

हीटसिंक लहान आहे, आणि मॉस्फेटची मागची पट्टी ड्रेनला (प्रायमरीकडे जाणाऱ्या पायाला) जोडलेली असते, तेव्हा हीटसिंक पत्र्याला टेकू देऊ नका. मे महिन्यात खोलीच चाळीसला गेलेली असते, तेव्हा १२ व्होल्टचा छोटा पंखा लावून अर्धा मिनिट चालू, दोन मिनिटं बंद. ठिणगीला बोट लावू नका, झटका जाणवत नाही पण कातडी जळते. पेसमेकर किंवा श्रवणयंत्र असलेल्यांना लांब ठेवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. घरातच लूम असेल तर कारखान्याच्या बाजूला हे चालवूच नका. कोपऱ्यात साचलेला सुताचा तूस एका ठिणगीला पुरतो.