जीडीबी : विचारल्याशिवाय न बोलणारा डीबगर

उसाच्या वजनकाट्याकडून सिरियल पोर्टवर येणारे आकडे वाचणारा आमचा सी भाषेतील प्रोग्रॅम गेल्या गळीत हंगामात मधूनच बंद पडू लागला, तेव्हा कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कचेरीत मी जीडीबी या डीबगरसमोर, म्हणजे प्रोग्रॅम चालवून त्यातली चूक शोधण्याच्या साधनासमोर, काही रात्री काढल्या. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेल्या या डीबगरच्या क्षमतेबद्दल पुष्कळ सांगता येईल. येथे मात्र तो आपल्याशी कसा बोलतो, एवढ्यापुरतेच लिहितो.

त्याचा स्वभाव उद्यमनगरातल्या जुन्या फिटरसारखा आहे. आत काय चालले आहे हे तो आपण होऊन सांगत नाही. मोठ्या प्रोग्रॅमचे सिम्बॉल टेबल (फंक्शन, व्हेरिएबल यांच्या नावांची यादी) वाचण्यात वेळ जाऊ लागला की यंत्र अडकले असे वाटते. 'सेट व्हर्बोज ऑन' म्हटल्यावर मात्र तो वाचन चालू असल्याचे कळवतो. सिम्बॉलच्या माहितीत त्याला काही विचित्र आढळले, तरी त्याबद्दलच्या तक्रारींची मर्यादा मुळात शून्यावर असते. 'सेट कम्प्लेंट्स'ने ती वाढवता येते, पण कंपायलर लिहिणारे वगळता कोणाला तिची गरज पडेल असे वाटत नाही.

प्रोग्रॅम कोसळल्यावर येणारा संदेश मला सर्वांत आवडतो. सिग्नलचे (ऑपरेटिंग सिस्टिमने प्रोग्रॅमला दिलेल्या इशाऱ्याचे) नाव, 'सेगमेंटेशन फॉल्ट' (मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक) हे शब्द आणि लगेच त्याखाली फंक्शन, फाइल व ओळीचा क्रमांक येतो. आमच्या बाबतीत ते ठिकाण सी लायब्ररीच्या आत निघाले, त्यामुळे पहिला संदेश फारसा उपयोगी पडला नाही. 'बॅकट्रेस', म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची साखळी, मागितल्यावर आमचे फंक्शन दिसले आणि काट्याकडून अर्धवट ओळ आली की रिकामा पॉइंटर (मेमरीतल्या कोणत्याच जागेचा नसलेला पत्ता) पुढे जातो, हे उघड झाले.

काही संदेश नेमके असूनही नवख्याला चकवतात. ऑप्टिमायझेशनसह (कंपायलरने वेगासाठी केलेल्या काटछाटीसह) बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये व्हेरिएबलच्या जागी 'ऑप्टिमाइज्ड आउट' असे उत्तर मिळते, पण ऑप्टिमायझेशन बंद करून पुन्हा बांधा, हा उपाय तो सुचवत नाही. त्याहून खटकते ती प्रोग्रॅम संपल्यावर दाखवलेली एक्झिट कोडची (प्रोग्रॅमने जाताना परत केलेल्या आकड्याची) संख्या, कारण ती अष्टमान, म्हणजे आठाच्या पटीत मोजण्याच्या, पद्धतीत असते. प्रोग्रॅमने १० परत केले, तर संदेशात ०१२ दिसतात! आमच्या संकेतांत १२ म्हणजे 'पोर्ट उघडला नाही', म्हणून मी अर्धी रात्र केबल तपासत बसलो. 'प्रिंट डॉलर अंडरस्कोर एक्झिटकोड' ही आज्ञा दिली असती, तर दशमान १० लगेच मिळाले असते.

पुष्टी मागणारे प्रश्नही तो विचारतो. चालू प्रोग्रॅम पुन्हा सुरू करू का, सर्व ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवण्यासाठी लावलेल्या खुणा) काढू का, बाहेर पडू का, या प्रश्नांना कंटाळून मी 'सेट कन्फर्म ऑफ' केले आणि दुसऱ्याच दिवशी क्रमांक न देता 'डिलीट' लिहून जपून लावलेले अकराही ब्रेकपॉइंट घालवले. चूक माझीच होती. लांब उत्तर पानापानाने थांबवण्याची त्याची सवय मात्र मी 'सेट पेजिनेशन ऑफ' करून कायमची बंद केली आहे, कारण बॅकट्रेस लॉगमध्ये उतरवून घेताना मध्येच एंटर दाबत बसणे मला जमत नाही.