क्लॉकसाठी काय घ्यावं: आतला आरसी, रेझोनेटर, क्रिस्टल की टीसीएक्सओ?

सर्किटला क्लॉक, म्हणजे ताल देणारा ठराविक वेगाचा सिग्नल, द्यायचा म्हटलं की बरेच जण सरळ (क्वार्ट्झचा) क्रिस्टल लावून मोकळे होतात, पण आधी किती चूक चालणार आहे ते ठरवा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

मायक्रोकंट्रोलरच्या आतला आरसी (रेझिस्टर-कपॅसिटरवर चालणारा) ऑसिलेटर साधारण १ टक्का इकडेतिकडे असतो, म्हणजे १०,००० पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक). बटणं वाचायला, मोटर चालू-बंद करायला तेवढा भरपूर झाला, वेगळा पार्ट लावूच नका. घड्याळाला मात्र अजिबात नको, १ टक्क्याने दिवसाला १४ मिनिटांचा फरक पडतो!

सिरॅमिक रेझोनेटर ह्याच्या थोडा वर, ०.५ टक्क्याच्या आसपास, छोटा आणि धक्के सोसणारा. पण फुल स्पीड यूएसबीला ०.२५ टक्क्याच्या आत लागतं, तिथे साधा रेझोनेटर अपुरा पडतो.

मग क्रिस्टल. ±२० पीपीएमचा घेतलात तर दिवसाला जास्तीत जास्त पावणेदोन सेकंद, यूएसबी वगैरेला हे कितीतरी जास्त चांगलं आहे. फक्त लोड कपॅसिटर, म्हणजे क्रिस्टलच्या दोन टोकांना लावायचे छोटे कपॅसिटर, नीट निवडा, इथे फार जण फसतात. डेटाशीटमध्ये १८ पिकोफॅरड लिहिलंय म्हणून दोन्ही बाजूंना १८ चेच लावतात, पण ते दोन सिरीजमध्ये येतात त्यामुळे ९ च होतात, त्यात बोर्डाचे ४-५ धरले तरी कमीच, आणि लोड कमी पडला की फ्रिक्वेन्सी वर सरकते. तिथे २७ चे लावा.

घड्याळाच्या ३२,७६८ हर्ट्झवाल्या क्रिस्टलची अजून एक गोष्ट, तो साधारण २५ अंशाला जुळवलेला असतो आणि तापमान वर जावो की खाली, दोन्हीकडे मागेच पडतो. २० अंशांच्या फरकाला जवळपास १४ पीपीएम. म्हणून उन्हात राहणाऱ्या डेटा लॉगरला मी साधा क्रिस्टल सुचवणारच नाही, तिथे टीसीएक्सओ (तापमान-भरपाईवाला क्रिस्टल ऑसिलेटर) घ्या, तो तापमान बघून स्वतःला सावरतो. डीएस३२३१ ह्या घड्याळाच्या चिपमध्ये क्रिस्टलसकट सगळं आतच आहे, ० ते ४० अंशात ±२ पीपीएम, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट, कपॅसिटरची कटकटही नाही. महाग पडतो खरा, पण वर्षभर कोणी हात न लावता चालायचं असेल तर पैसे इथेच घाला.

ओसीएक्सओ (क्रिस्टल आतल्या छोट्या भट्टीत ठेवणारा ऑसिलेटर) ह्याहून कितीतरी अचूक, पण क्रिस्टल सतत गरम ठेवायला वीज खातो आणि स्थिर व्हायला काही मिनिटं घेतो, त्यामुळे बॅटरीवरच्या वस्तूसाठी तो विचारातच घेऊ नका.