कट्यारीचे फाटलेले म्यान: सांधावे, नवे कातडे चढवावे की दुसरे करून घ्यावे?

जुन्या कट्यारीचे म्यान बहुधा दोन पातळ लाकडी पट्ट्यांचे असते. त्यांवर कातडे ताणून मागल्या अंगाने शिवलेले असते आणि तोंडाशी मुहनाल (धातूचे कडे), टोकाशी तहनाल (धातूची टोपी) बसवलेली असते. शिवण उसवली की कोणता उपाय करावा, हे कातड्याच्या प्रकृतीवरून ठरवावे. त्यावर बोट हलकेच फिरवून पाहावे. विटेच्या भुकटीसारखी तांबूस पूड बोटाला लागली, तर ते कातडे आम्लाने आतून कुजलेले आहे.

अशा कातड्यावर पुन्हा शिवण घालणे सर्वांत घातक, कारण आरीचे प्रत्येक भोक नव्या चिरेला वाट करून देते. पाणी लागल्यास ते काळे पडून ताठ होते. खोबरेल तेलाचा मोह तर घरोघरी होतो. पण तेलाने धूळ चिकटते आणि पितळेच्या कडेला हिरवट, मेणासारखा थर धरतो. त्यापेक्षा क्लुसेल-जी ही सेल्युलोजपासून बनवलेली पूड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पातळ विरघळवून मऊ कुंचल्याने लावावी, आणि भुकटी होणारे कातडे घट्ट धरल्यावर चिरेखाली रंगवलेला पातळ, चिवट जपानी कागद चिकटवावा. हे काम संथ आहे आणि म्यान त्याने वापराजोगे होत नाही. मात्र मूळ कातडे आणि त्यावरचे ठसे टिकतात.

कातडे चिवट असून केवळ दोरा तुटला असेल, तर जुन्याच भोकांतून मेण लावलेला सुती दोरा ओवणे पुरेसे आहे. संपूर्ण नवे कातडे चढवायचे झाल्यास कोल्हापुरी चपलांसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात तसे कातडे मूळच्या जवळचे दिसते. तरीही जुने कातडे एकदा सोलून काढले की वस्तूचा अर्धा इतिहास कचऱ्यात जातो, म्हणून मला हा मार्ग तिन्हींत कमी पसंत आहे.

कट्यार समारंभात मिरवायचीच असेल, तर दुसरे म्यान करून घ्यावे आणि जुने तसेच जपावे. खर्च वाढतो, पण मुळाला धक्का लागत नाही. पाते मात्र जुन्या किंवा नव्या कोणत्याच कातडी म्यानात कायम ठेवू नये. कातड्यातील आम्ल आणि ओल यांमुळे त्यावर गंज चढतो. जुन्या म्यानात पात्याऐवजी आम्लरहित कागदाची सैल गुंडाळी सरकवली, तर त्याचा आकारही बिघडत नाही.