चकचकीत काडतुसं

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. शनिवारी कामगारांचा पगार रोख करावा लागतो, म्हणून अकरा वर्षांपूर्वी .३२ च्या रिव्हॉल्व्हरचं लायसन्स काढलं. अकरा वर्षांत तो मी दोनदा उडवला असेल. आपल्याकडचे बहुतेक लायसन्सवाले असेच. कमरेला लावायचा, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायचा, निकाल लागला की परत आणायचा.

गेल्या खेपेला परत आणला तेव्हा पट्ट्यातली काडतुसं काढून बघितली. चामड्याला टेकून पितळेवर हिरवट थर चढला होता. चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं वर्षानुवर्षं ठेवायची नसतात, हे तेव्हा कळलं. ती रीतसर जमा केली आणि नवी घ्यायला निघालो.

दुकान सोलापुरातलं नाही. नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. दुकानदार तोंडाने गोड. "शेठ, पाकीट फोडलेलंय, पण माल ताजा. मोजून घ्या." वीस राउंड कागदावर ओतले. ट्यूबलाइटखाली नुसते चकाकत होते, आणि मीच म्हणालो, "वा, काय चकचकीत आहेत!" हाताला थोडं तेल लागलं, ते रुमालाला पुसलं. लायसन्सवर वीसची नोंद झाली, बिल झालं. बिलावर लॉट नंबर नव्हता. मी मागितलाही नाही.

मुलगा म्हणाला, एकदा उडवून तर बघा. म्हणून पुण्याकडच्या एका रेंजवर गेलो. तिथे शिकवायला फौजेतले निवृत्त सुभेदार होते. सहा भरले. दोन व्यवस्थित उडाले. तिसऱ्याला नुसतं 'टक्'.

माझं बोट लगेच पुन्हा चापावर. सुभेदार मागून ओरडले, "बोट बाहेर! नळी टार्गेटकडेच राहू द्या!" आणि ते मोठ्याने तीस आकडे मोजू लागले. कधी कधी प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली दारू पेटवणारी टोपी, उशिरा पेट घेतो. चाप पुन्हा ओढला की सिलिंडर फिरतं, ते काडतूस नळीसमोरून बाजूला सरकतं, आणि तिथे ते उडालं तर गोळीला बाहेर पडायला वाटच नसते. नळी आपल्याकडे वळवून डोकावणारेही असतात म्हणे. तीस सेकंद किती लांबतात ते तेव्हा कळलं.

मग सिलिंडर उघडून ते काडतूस त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. बुडाच्या मधोमध पिनचा, म्हणजे चाप ओढल्यावर बुडावर आपटणाऱ्या टोकाचा, खोल खड्डा. "पिन बरोबर बसलीय. खड्डा उथळ किंवा कडेला असता तर रिव्हॉल्व्हरवर शंका घेतली असती. हा काडतुसाचा दोष."

उरलेले तीन उडाले. पुन्हा सहा भरले. पहिला ठीक. दुसऱ्याला आवाज आला तो फुस्स, ओल्या फटाक्यासारखा, आणि हाताला झटकाच नाही. या वेळी मी स्वतःच थांबलो. पुन्हा तीस आकडे. मग रिव्हॉल्व्हर पूर्ण रिकामा करून सुभेदारांनी नळीत सळई घातली, ती मध्येच अडली. गोळी आतच अडकलेली. पुंगळी उलटी केली तर न जळलेल्या दारूचे पिवळट दाणे हातावर पडले. प्रायमरने गोळी ढकलली होती, दारू पेटलीच नव्हती. सिलिंडर मात्र मोकळं फिरत होतं, म्हणजे चाप ओढला असता तर पुढची गोळी त्या अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळली असती आणि नळी फुगली किंवा फुटली असती.

बाकीच्या काडतुसांची बुडं त्यांनी भिंगातून बघितली. सगळ्यांच्या बुडावरचे बनावटीचे शिक्के एकसारखे नव्हते. प्रायमरच्या कडेच्या खोबणीत तेल साचलेलं. कुठला तरी दमट जागी पडून राहिलेला जुना माल तेलाच्या बोळ्याने पुसून मला 'ताजा' म्हणून विकला होता. आणि तेल म्हणजे प्रायमरचा वैरी, ते हळूहळू आत झिरपतं. ज्या चकाकीवर मी भाळलो ती तेलाचीच होती. कारखान्याला मी बोल लावत नाही. खोट विकणाऱ्याची.

दुकानदाराला फोन केला. "शेठ, तुमची पिन घासली असेल." खड्ड्याचा फोटो पाठवला. "एवढ्या वर्षांत एकाचीही तक्रार नाही." इथेच मला त्याचा धंदा कळला. तक्रार येणार कुठून? शेंगाचटणी खवट निघाली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुकानात उभं राहतं. काडतूस कपाटात दहा वर्षं पडून असतं, आणि ज्या दिवशी ते उडत नाही त्या दिवशी तक्रार करायला माणूस उरेलच असं नाही.

आता मी सुटे राउंड घेत नाही. बंद पाकीट माझ्यासमोर फोडायचं, लॉट नंबर बिलावर लिहून घ्यायचा, प्रत्येक बूड कोरड्या पांढऱ्या कपड्याने पुसून बघायचं. त्यातले पाच-सहा रेंजवर उडवायचे, मगच बाकीच्यांवर भरवसा. खर्च होतो, होऊ दे. रिव्हॉल्व्हर साफ केल्यावर तेल लागलेल्या बोटांनी काडतुसं भरत नाही, आणि मे महिन्यात ती गाडीत ठेवत नाही. आपल्या उन्हात बंद गाडीची काय भट्टी होते ते सोलापूरकराला सांगायला नको.

पोलीस आयुक्तालयातल्या लायसन्स शाखेत अर्ज दिलाय, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केलीय. पैसे अजून मिळालेले नाहीत. शेजारचे अण्णा म्हणाले, ती फुसकी काडतुसं इथल्या कंबर तलावात टाकून मोकळे व्हा. तसं करता येत नाही. न उडालेलं काडतूसही हिशोबात जिवंतच धरतात. तेरा उरलीत, त्यातल्या एकावर तो खोल खड्डा आहे. ते वेगळ्या डबीत, वर तारीख लिहून, कुलपात ठेवलंय.