लेपर्ड गेकोच्या अंड्यांसाठी घेतलेला छोटा इनक्युबेटर

लेपर्ड गेकोची, म्हणजे ठिपकेदार पाळीव पालीची, पैदास करायची असेल तर इनक्युबेटर (अंडी उबवायची पेटी) घेताना आधी थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान स्थिर ठेवणारा भाग, पाहा, बाकी सगळं नंतर. यांच्या पिल्लांचं लिंग ठरतं ते अंडी कोणत्या तापमानाला उबतात त्यावर: २६ अंश सेल्सियसच्या आसपास बहुतेक माद्या, ३२-३३ला बहुतेक नर. हा इनक्युबेटर इथे खरा उतरला. आत वेगळा थर्मामीटर ठेवून रोज ताडून पाहिलं. फरक अर्ध्या अंशापलीकडे गेला नाही.

मादी एका वेळी साधारण दोन अंडी घालते. ओलसर व्हर्मिक्युलाइटच्या (ओलावा धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिज दाण्यांच्या) डबीत ती अर्धी पुरली आणि वर पेन्सिलने हलकी खूण केली, कारण अंडं उलटलं तर आतला जीव दगावू शकतो. झाकण पारदर्शक असल्याने डबीला हात न लावता सगळं दिसतं. मला हे फार आवडलं! पिल्लू फुटायच्या सुमारास अंड्यावर घामासारखे थेंब येतात, मग ते जरा चेपतं. तेव्हा तिथून हलवत नाही.

तक्रार पाण्याच्या कप्प्याची. फारच उथळ आहे, सारखा भरावा लागतो. वीज गेली की ऊबही लवकर उतरते, म्हणून बाहेरून थर्माकोल लावा. हवेची भोकं तेवढी मोकळी ठेवा.